पाणलोटाचा ताळेबंद : हबर्ड ब्रुकच्या रानातील वार्षिक संशोधक मेळावा

सजीव आणि त्यांच्या भोवतालची हवा, पाणी व माती यांचे परस्परसंबंध तपासणाऱ्या परिस्थितिकी या शास्त्रात रानातल्या संशोधन केंद्राला प्रयोगशाळेइतकेच, किंबहुना काही बाबतींत तिच्याहून अधिक महत्त्व असते. अशा केंद्रात इमारती थोड्या आणि साध्या असतात. राहण्याच्या खोल्या, एखादी लहान प्रयोगशाळा, नमुने ठेवण्याची कोठी आणि सगळ्यांनी मिळून जेवण्याची जागा एवढ्यावर ते चालते, कारण त्याची खरी मालमत्ता म्हणजे भोवतालचे जंगल, तळे किंवा माळरान आणि त्यावर वर्षानुवर्षे झालेल्या मोजणीच्या नोंदी. या केंद्रांवर भरणाऱ्या प्रादेशिक संशोधन परिषदा शहरांतल्या मोठ्या सभागृहांत भरणाऱ्या परिषदांपेक्षा मुळातच निराळ्या असतात. शहरातल्या परिषदेत एकाच विषयाचे अभ्यासक निरनिराळ्या ठिकाणांची माहिती घेऊन येतात, तर रानातल्या केंद्रावर निरनिराळ्या विषयांचे अभ्यासक एकाच ठिकाणाची माहिती घेऊन जमतात. त्यांच्यापैकी एक जण ओढ्याच्या पाण्याचे रसायन तपासणारा असतो, दुसरा पाखरे मोजणारा, तिसरा मातीतल्या जिवाणूंचा अभ्यासक, आणि या तिघांच्या निष्कर्षांत विसंगती आढळली तर ती मिटवल्यावाचून कोणाचेच काम पुढे सरकत नाही, कारण तिघेही एकाच डोंगरउताराविषयी बोलत असतात. या प्रकारच्या मेळाव्याचे बलस्थान नेमके कोठे आहे, हे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रुक प्रायोगिक वनाच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या ठिकाणावरून होत असेल.

हबर्ड ब्रुक हे व्हाइट माउंटन राष्ट्रीय वनातल्या एका वाडग्यासारख्या दरीचे आणि तिच्यातून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव आहे. अमेरिकेच्या वनसेवेने १९५५ मध्ये ही दरी जलविज्ञानाच्या अभ्यासासाठी राखून ठेवली, तेव्हा तिचा हेतू मर्यादित होता : जंगलतोडीचा पुराच्या पाण्यावर आणि नद्यांच्या प्रवाहावर काय परिणाम होतो ते मोजायचे. दरीतले जंगल अस्पर्श नव्हते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे मोठी लाकूडतोड झाली होती, १९३८ च्या चक्रीवादळाने अनेक झाडे उन्मळून पडली होती, आणि आज उभी असलेली शुगर मेपल, बीच व पिवळा बर्च यांची पानगळी झाडी त्यानंतर पुन्हा वाढलेली आहे. उंच कड्यांजवळ मात्र स्प्रूस आणि फर हे सूचिपर्णी वृक्ष आढळतात. वर्षाकाठी सरासरी १,४०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि बर्फ बाराही महिन्यांत बराचसा सारखा वाटलेला असतो, ही गोष्ट चार महिन्यांच्या पावसाळ्याची सवय असलेल्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावी लागते, कारण तिथल्या ओढ्यांचा वर्षभराचा स्वभाव त्यावरून ठरतो.

या दरीचे भाग्य तिच्या तळाशी असलेल्या खडकाने ठरवले. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडमातीच्या थराखालचा कठीण खडक पाणी जवळजवळ झिरपू देत नाही. परिणामी एखाद्या लहान पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या उतारावर पडलेला प्रत्येक थेंब शेवटी एकाच ओढ्याला मिळतो अशा भूभागात, आलेल्या पाण्याला बाहेर पडण्याच्या दोनच वाटा उरतात : ते ओढ्यातून वाहून जाते, किंवा जमिनीवरून व झाडांच्या पानांवाटे वाफ होऊन हवेत परतते. महाराष्ट्रातल्या वाचकाला पाणलोट हा शब्द जलसंधारणाच्या कामांमुळे, समतल चरांमुळे आणि राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गावांमुळे परिचित आहे. तिथे पाणलोट हे पाणी अडवण्याचे एकक आहे. हबर्ड ब्रुकमध्ये त्याच एककाचा उपयोग जमाखर्च मांडण्यासाठी झाला. ओढ्याच्या मुखाशी छोटा काँक्रीटचा बांध घालून त्याला व्ही या इंग्रजी अक्षराच्या आकाराची खाच ठेवली की खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह अचूक मोजता येतो. वर पर्जन्यमापक, खाली हा बांध, आणि मधले सगळे जंगल जणू एका मोठ्या परीक्षानळीत बसवलेले. पर्जन्यातून प्रवाह वजा केला की उरलेला आकडा बाष्पीभवनाचा आणि झाडांच्या बाष्पोत्सर्जनाचा, आणि तो तिथे साधारणपणे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या जवळपास असतो.

पाण्याच्या या हिशेबाला रसायनांचा हिशेब जोडण्याची कल्पना डार्टमथ कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. हर्बर्ट बोरमान यांची. १९६० मध्ये त्यांनी वनसेवेचे शास्त्रज्ञ रॉबर्ट पिअर्स यांना पत्र लिहून सुचवले की पाणी जर इतक्या नेमकेपणाने मोजले जात असेल, तर पावसातून जंगलात येणारे आणि ओढ्यातून बाहेर जाणारे कॅल्शियम, पोटॅशियम, नायट्रोजन, गंधक हे सगळेच तोलता येईल. १९६३ मध्ये बोरमान, जलपरिसंस्थांचे अभ्यासक जीन लायकेन्स, भूवैज्ञानिक नॉय जॉन्सन आणि पिअर्स यांनी मिळून हे काम सुरू केले. वनस्पती, पाणी, खडक आणि वनव्यवस्थापन अशा चार वेगवेगळ्या विद्यांची ही चार माणसे एकत्र आली, हीच या दरीतल्या पुढच्या सगळ्या मेळाव्यांची बीजरूप बैठक मानावी लागेल. पुढे बोरमान येल विद्यापीठात आणि लायकेन्स कॉर्नेल विद्यापीठात गेले, त्यांचे विद्यार्थी आणखी दूर पांगले, नवनवी विद्यापीठे कामात सामील झाली. त्यामुळे मोजणारे हात शेकडो मैलांवर विखुरले आणि मोजली जाणारी दरी मात्र जागच्या जागी राहिली. त्या हातांना वर्षातून एकदा दरीत परत आणणे ही कामाची गरजच होऊन बसली.

दरवर्षी जुलै महिन्यात भरणारा हबर्ड ब्रुकच्या सहकारी संशोधकांचा मेळावा या गरजेतून आकाराला आला. त्याला परिषद म्हणावे की वार्षिक सभा, याविषयी दुमत होऊ शकते. संशोधकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या मुक्कामाची सोय प्लेझंट व्ह्यू फार्म नावाच्या जुन्या शेतघरात आणि मिरर लेक या तळ्याजवळच्या इमारतींत असते. जुलै हा मोजणीचा ऐन हंगाम असल्याने उन्हाळी कामासाठी आलेले विद्यार्थी त्या वेळी तिथेच असतात, आणि त्यांच्या बुटांना लागलेला चिखल त्याच दिवसाचा असतो. निबंधवाचन थोडक्यात आटोपावे लागते, कारण पाण्यापासून पाखरांपर्यंत सगळ्या कामांची खबर सगळ्यांना मिळणे हा मेळाव्याचा मुख्य हेतू असतो. पूर्ण झालेल्या, छापून आलेल्या संशोधनाला अशा ठिकाणी फारसे अप्रूप नसते. जे अजून कळलेले नाही, जो आकडा बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही, तो इथे मांडायचा असतो, आणि तो मांडण्याचे धैर्य पहिल्याच वर्षी आलेल्या विद्यार्थ्याला यावे यासाठी ज्येष्ठांनी समोर बसून ऐकायचे असते. रानातल्या मेळाव्याचे सगळ्यांत मोठे मोल याच गोष्टीत आहे. शंका उपस्थित झालीच, तर जिच्याविषयी शंका आहे ती जागा बैठकीपासून थोड्याच अंतरावर असते आणि तिथे जाऊन ती पाहता येते.

ताळा न जुळणे म्हणजे काय, याचे या दरीतले पहिले मोठे उदाहरण क्रमांक २ च्या पाणलोटाचे. १९६५ च्या हिवाळ्यात सुमारे १५.६ हेक्टरच्या या तुकड्यावरची सगळी झाडे तोडून जागीच पाडून ठेवण्यात आली आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशके फवारून तिथे काहीही उगवू दिले गेले नाही. ओढ्याचे पाणी पहिल्याच वर्षी सुमारे ४० टक्क्यांनी वाढले, आणि हे अपेक्षितच होते, कारण पाणी वर ओढून हवेत सोडणारी झाडेच नाहीशी झाली होती. अनपेक्षित होते ते नायट्रेटचे वागणे. ज्या ओढ्यात ते अगदी अल्प असायचे, त्याच ओढ्यात त्याचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्याही वर गेले, आणि त्याच्यासोबत कॅल्शियमसारखी पोषकद्रव्येही वाहून जाऊ लागली. मातीतले जिवाणू कुजणाऱ्या पालापाचोळ्यातला नायट्रोजन नायट्रेटमध्ये सतत रूपांतरित करत असतात आणि जिवंत जंगल तो मुळांवाटे तत्परतेने परत घेते. घेणारा नाहीसा झाला की तो पाण्यात विरघळून निघून जातो, आणि जाताना सुटणारे आम्ल मातीच्या कणांना चिकटलेले कॅल्शियमही सोडवून नेते. जंगल आपल्या पोषणाला किती घट्ट धरून ठेवते, हे ते जंगल काढून टाकल्यावरच इतक्या स्पष्टपणे मोजता आले. या निष्कर्षांचे पडसाद अमेरिकेतल्या सरसकट वृक्षतोडीच्या वादात उमटले, आणि तणनाशके वापरून केलेला प्रयोग प्रत्यक्ष लाकूडतोडीसारखा नसतो हा आक्षेपही त्यावर घेतला गेला. आक्षेप वाजवी होता. पुढे याच दरीत १९७० च्या दशकात पट्ट्यापट्ट्यांनी केलेली तोड आणि १९८० च्या दशकात संपूर्ण झाड उचलून नेणारी यांत्रिक तोड असे दोन प्रयोग झाले, आणि दोन्ही ठिकाणी तणनाशके न वापरता जंगलाला पुन्हा उगवू देण्यात आले.

हबर्ड ब्रुकचे नाव जगभर झाले ते आम्लपर्जन्यामुळे. पाणी किती आम्ल आहे हे दाखवणारा आकडा म्हणजे सामू. शेतकरी मातीच्या तपासणीच्या कागदावर जो सामू पाहतो तोच. त्याची मोजपट्टी अशी आहे की आकडा एकाने कमी झाला तर आम्लता दहापट वाढते. स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामू ५.६ च्या आसपास धरला जातो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात थोडा विरघळलेला असतो. १९६३ मध्ये या दरीत गोळा केलेल्या पावसाच्या पहिल्याच नमुन्याचा सामू ३.७ च्या आसपास भरला, म्हणजे आम्लता अपेक्षेच्या कित्येक पटींनी अधिक होती. जवळपास कारखाने नसलेल्या डोंगरात हे आम्ल कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळाले नाही. लायकेन्स १९६९ मध्ये स्वीडनला गेले असता तिथल्या स्वांते ओडेन यांनी युरोपातल्या अशाच पावसाविषयी केलेले काम त्यांना कळले आणि दूरवरच्या धुरांड्यांशी असलेला संबंध दिसू लागला. मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि वाहने व भट्ट्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात, वाटेत त्यांचे गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्ल होते आणि ते पावसाबरोबर किंवा बर्फाबरोबर खाली येते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात लायकेन्स आणि बोरमान यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९० मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती करून वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली.

या कथेतला सर्वांत बोधक भाग वेळेचा आहे. पावसाचे रसायन आठवड्या-आठवड्याला, ऋतूगणिक आणि वर्षागणिक इतके हेलकावे खाते की आम्लता खरोखरच कमी होत चालली आहे असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणण्यासाठी सुमारे १८ वर्षांच्या अखंड नोंदी लागल्या. त्या मालिकेतली चार-पाच वर्षेच उचलली असती, तर आम्लता वाढते आहे असेही दाखवता आले असते आणि घटते आहे असेही. संशोधनाचे अनुदान बहुधा तीन ते पाच वर्षांचे असते, विद्यार्थ्याचा प्रबंधही तेवढ्याच काळात संपतो. त्यामुळे १८ वर्षांची मालिका कोणा एकाची असू शकत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि हा हस्तांतराचा विधी कागदोपत्री कोठेही लिहिलेला नसला तरी प्रत्यक्षात वार्षिक मेळाव्यातच पार पडतो. नमुना बांधाच्या वरच्या बाजूने का घ्यायचा, बाटली आधी ओढ्याच्याच पाण्याने का विसळायची, एखाद्या जुन्या वर्षाच्या नोंदींत खंड का पडला, हे सारे तिथे नवख्याला जुन्या माणसाकडून कळते.

कॅल्शियमच्या प्रकरणात तर या मेळाव्याची गरज आणखी ठळक होते. आम्लपर्जन्य कमी होऊ लागल्यावर ओढे आणि जंगल लवकर सावरतील अशी अपेक्षा होती, आणि ती खोटी ठरली. ओढ्याचे पाणी फार सावकाश सुधारत होते, आणि झाडांचे माप घेणाऱ्यांना १९८० च्या दशकात असे दिसू लागले होते की जंगलाच्या एकूण लाकूडसाठ्याची वाढ जवळजवळ थांबली आहे. या दोन गोष्टी निराळ्या वह्यांत लिहिल्या जात होत्या. १९९६ मध्ये लायकेन्स, चार्ल्स ड्रिस्कॉल आणि डोनाल्ड ब्यूसो यांनी ३० वर्षांहून अधिक काळच्या नोंदींच्या आधारे दाखवून दिले की अनेक दशकांच्या आम्लाने मातीतले कॅल्शियम मोठ्या प्रमाणावर धुऊन नेले आहे, खडकाच्या झिजेतून ते फार मंद गतीने भरून येते, आणि त्यामुळे आम्ल थांबले तरी माती लवकर पूर्ववत होणार नाही. गंधकाचे पाप ओसरले, पण त्याने काढलेले कर्ज तसेच राहिले.

हे खरे असेल, तर कॅल्शियम परत दिल्यावर जंगल सावरले पाहिजे. ऑक्टोबर १९९९ मध्ये क्रमांक १ च्या सुमारे १२ हेक्टरच्या पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून वोलास्टोनाइट या कॅल्शियम सिलिकेटच्या खनिजाच्या ४० टनांहून अधिक गोळ्या पसरण्यात आल्या. चुनखडीऐवजी हे खनिज निवडण्यामागे विचार होता : ते हळूहळू विरघळते, नैसर्गिक खडकाच्या झिजेशी त्याचे साम्य आहे, आणि त्यातल्या कॅल्शियम व स्ट्रॉन्शियम यांचे परस्परप्रमाण स्थानिक मातीतल्या प्रमाणाहून वेगळे असल्याने टाकलेले कॅल्शियम पुढे कोणत्या पानात, कोणत्या मुळात, कोणत्या ओढ्यात गेले याचा माग काढता येतो. त्यानंतर प्रत्येक विद्याशाखेने आपापली वही घेऊन त्याच उताराकडे धाव घेतली. शुगर मेपलचे शेंडे अधिक निरोगी दिसू लागले, त्याची रोपे अधिक जगू लागली, आणि पुढच्या दीड दशकात या पाणलोटातल्या झाडांची वाढ तुलनेसाठी राखलेल्या पाणलोटापेक्षा चांगली झाल्याचे आढळले. ज्यांच्या शंखांना कॅल्शियमच लागते, त्या जमिनीवरच्या गोगलगायींची संख्याही वाढली.

जलवैज्ञानिकांच्या वहीत मात्र अशी नोंद झाली जिची कोणी कल्पनाही केली नव्हती. खनिज टाकल्यानंतरची पहिली तीन वर्षे या पाणलोटातून वाफ होऊन जाणारे पाणी जवळजवळ पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने वाढले आणि ओढ्यात तेवढे कमी उतरले. पुढे ते पूर्वपदावर आले. रसायनाच्या प्रयोगाने पाण्याचा ताळेबंद बदलला होता. याचा एक अर्थ असा निघतो की आम्लपर्जन्याच्या दशकांत झाडे कमी पाणी पीत असावीत, म्हणजे १९५५ नंतरच्या ज्या प्रवाहनोंदींना निरोगी जंगलाच्या नोंदी मानले गेले त्याही आधीच आजारी जंगलाच्या होत्या. पाणी मोजणाऱ्याला माती तपासणाऱ्याशी बोलल्याखेरीज हे वाचताच आले नसते. कथा तिथेही थांबली नाही. दशकभराच्या अंतराने याच ओढ्यातून नायट्रेट वाहू लागले, पूर्वीच्या मानाने कित्येक पटींनी अधिक, आणि जो पाणलोट नायट्रोजन साठवत होता तो नायट्रोजन गमावू लागला. सामू सुधारल्यामुळे मातीतल्या जिवाणूंनी वर्षानुवर्षे साचून राहिलेले सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजवायला घेतले असावे, हे त्याचे एक स्पष्टीकरण मानले जाते. पाच वर्षांनी प्रयोग संपवला असता तर केवळ यशाची कहाणी हाती लागली असती. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा तीच कहाणी अधिक गुंतागुंतीची आणि अधिक खरी झाली.

बाकीच्या वह्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. रिचर्ड होम्स यांनी १९६९ पासून १० हेक्टरच्या एका आखलेल्या क्षेत्रात पाखरांची मोजणी सुरू केली. सुरुवातीच्या वर्षांत जिथे दर उन्हाळ्याला २०० च्या आसपास पक्षी आढळत, तिथे पुढे त्यांची संख्या निम्म्याहूनही कमी झाली. काळ्या गळ्याचा निळा वॉर्ब्लर हा पक्षी कॅरिबियन बेटांवर हिवाळा काढतो, त्यामुळे पाखरांच्या घटीचे कारण दूर दक्षिणेत शोधण्याचा मोह होत होता. पण लीस्ट फ्लायकॅचर हा एके काळी विपुल असलेला पक्षी नाहीसा झाला याचे कारण दरीतच होते, कारण त्याला मध्यम वयाचे, खालचा भाग मोकळा असलेले जंगल लागते आणि झाडांच्या वह्या सांगत होत्या की हे जंगल वयाने पुढे सरकले आहे. शिसेयुक्त पेट्रोल बंद होत गेल्यावर जमिनीवरच्या पालापाचोळ्याच्या थरातले शिसे घटत गेल्याचे येलच्या थॉमस सिकामा यांनी पुन्हा पुन्हा नमुने घेऊन दाखवले. पीटर ग्रॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्याच्या सुरुवातीला फावड्यांनी बर्फ दूर केले, तेव्हा जमीन खोलवर गोठली, बारीक मुळे मेली आणि नायट्रेट सुटले. बर्फाची चादर ही मातीची दुलई आहे, आणि हवामान तापल्याने ती पातळ झाली तर उष्ण होत चाललेल्या जगात माती मात्र अधिक थंडीने काकडेल, हा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो.

इतक्या हातांनी एकाच जमिनीवर काम करायचे म्हणजे भांडणेही आलीच, आणि त्यांचा निवाडा करणे हेही मेळाव्याचे आणि त्याच्या जोडीने चालणाऱ्या समित्यांचे काम असते. क्रमांक ६ चा पाणलोट तुलनेसाठी राखलेला आहे. त्यात काहीही तोडले, टाकले किंवा उकरले जात नाही, कारण बाकी प्रयोगांचे मोजमाप त्याच्याशी ताडून होते. उत्साही संशोधकाला तिथे एखादा खड्डा खणावासा वाटला तर त्याची परवानगी सहजासहजी मिळत नाही. प्रत्येक नवा प्रस्ताव आधी तपासला जातो, चालू कामांना त्याचा धक्का लागणार नाही याची खात्री केली जाते, आणि मिळालेल्या नोंदी पुढे सर्वांसाठी खुल्या कराव्या लागतात. ही शेवटची अट तरुण संशोधकाला जाचक वाटू शकते, कारण कष्टाने मिळवलेला आकडा दुसऱ्याने वापरावा ही गोष्ट स्पर्धेच्या जगात सोपी नाही. तरीही कॅल्शियमच्या कथेकडे पाहिले तर या अटीला पर्याय दिसत नाही. पाण्याच्या, मातीच्या आणि झाडांच्या जुन्या नमुन्यांचे हजारो डबे आणि बाटल्या साठवून ठेवणारे भांडारही याच विचारातून उभे राहिले : आज ज्या द्रव्याचे नाव कोणाच्या मनात नाही, ते मोजण्याची रीत उद्या निघाली तर काल गोळा केलेले पाणी हाताशी असावे.

एका दरीवरून जगाविषयी काय सांगता येईल, हा आक्षेप या साऱ्या उद्योगावर घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. कठीण खडकावरच्या, बर्फाळ प्रदेशातल्या पानगळी जंगलाचे नियम पाझरणाऱ्या चुनखडीवर किंवा उष्ण प्रदेशात जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यावरचा उपाय म्हणजे अशा अनेक जागा आणि त्यांच्यातली देवाणघेवाण. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हबर्ड ब्रुक हे अमेरिकेच्या दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाच्या जाळ्यात सामील आहे. उष्ण कटिबंधात पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर १९८० मध्ये ५० हेक्टरच्या तुकड्यातल्या एक सेंटिमीटरहून जाड अशा प्रत्येक झाडाला क्रमांक देण्याची जी रीत सुरू झाली, तीच रीत भारतात मुदुमलाईच्या जंगलात १९८८ मध्ये बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० हेक्टरवर राबवली, आणि त्यामुळे वणवे, हत्ती आणि दुष्काळ यांनी घडवलेल्या तिथल्या कोरड्या जंगलाची तुलना पनामाच्या दमट जंगलाशी झाडागणिक करता येऊ लागली. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या पाण्याचा आणि रसायनांचा असाच एकत्रित, दशकानुदशके चालणारा ताळेबंद मांडला गेला, तर चार महिन्यांत धो धो कोसळणारा पाऊस जांभ्या दगडाच्या सड्यांवरून काय वाहून नेतो आणि देवराईतली माती काय धरून ठेवते, या प्रश्नांना अंदाजाऐवजी आकड्यांनी उत्तर देता येईल. त्यासाठी महागड्या यंत्रांची निकड फारशी नाही. व्ही आकाराच्या खाचेचा बांध, पर्जन्यमापक आणि स्वच्छ बाटल्या यांपासून हबर्ड ब्रुकनेही सुरुवात केली होती.

मेळावा संपल्यावर पाहुणे आपापल्या विद्यापीठांना परततात, विद्यार्थी उन्हाळ्याची उरलेली मोजणी पुरी करतात, आणि आठवड्याची फेरी ठरल्या दिवशी निघते. तंत्रज्ञ एकेका बांधापाशी थांबतो, बाटली ओढ्याच्या पाण्याने विसळतो, बांधाच्या वरच्या बाजूने नमुना भरतो, वर तारीख आणि पाणलोटाचा क्रमांक लिहितो आणि पुढच्या ओढ्याकडे चालू लागतो.